धारेवरचं खत गेलं कुठे? एका गद्दी डेऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

जागेचं आणि माणसांचं नाव सांगणार नाहीये, तेवढं समजून घ्या. हिमाचलातल्या चंबा जिल्ह्यातली एक धार, उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास, झाडं संपतात त्याच्या थोडं वर. धार म्हणजे गद्दी मेंढपाळांचं उन्हाळी कुरण. त्याचं परमिट असतं आणि ते बापाकडून मुलाकडे असं त्याच घरात फिरत राहतं. हिवाळ्यात हे लोक कळप घेऊन खाली कांगड्याच्या बाजूला असतात, जूनमध्ये वर चढतात, सप्टेंबरात परत उतरतात. या धारेवर भावकीतल्या तीन घरांच्या मिळून चारेकशे मेंढ्या-शेळ्या होत्या.

मी तेव्हा एका छोट्या संस्थेत मातीचं काम करायचो. मूळचा सांगली साइडचा, म्हणजे मेंढरं बघतच मोठा झालोय, हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे त्याची लाज वाटणार आहे. काम असं आलं होतं की धारेवरचं गवत कमी झालंय, सपाटीवर तण माजलंय, कारण शोधा आणि उपाय सुचवा. काम देणाऱ्यांच्या डोक्यात उत्तर आधीच तयार होतं, चराई जास्त होतेय. गद्द्यांच्या डोक्यात दुसरं, बर्फ पूर्वीसारखा पडत नाही. आमच्या डोक्यात काहीच नव्हतं, फक्त पिशव्या आणि खुरपं होतं.

अडचण नेमकी काय दिसत होती

डेरा म्हणजे कळप रात्री बसतो ती जागा. त्याच्या भोवती गुडघ्याच्या वर गेलेला रूमेक्स. रुंद गडद हिरवी पानं, लालसर तुरे, पाय ठेवायला जागा नाही. आपला अंबट चुका ज्या घराण्यातला त्याच घराण्यातलं हे झाड, चव तशीच आंबट, मेंढी फारसं तोंड लावत नाही. आणि तिथून दोनशे पावलं वर उतारावर गेलं की गवत बोटाच्या पेराएवढं, मधेमधे माती उघडी पडलेली, दगड वर आलेले. एकाच धारेवर एकीकडे खतावर पोसलेल्या परसासारखं रान आणि एकीकडे टक्कल.

इथे थोडं थांबून उंचावर नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) यांचं कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथे थंडीमुळे कुजणं फार सावकाश होतं. पानं, मुळं मरतात पण त्यातलं नत्र लगेच मोकळं होत नाही, सेंद्रिय पदार्थातच अडकून बसतं. म्हणजे बँकेत पैसे आहेत पण एफडीत आहेत, हातात काही नाही. काही झाडांनी यावर शक्कल काढलीय, कोब्रेसिया नावाचं गवतासारखं झाड, जे हिमालयातही आहे आणि अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातही, ते अमिनो आम्लं सरळ मुळांनी शोषून घेतं, नत्र मोकळं व्हायची वाट बघत बसत नाही. दुसरं म्हणजे बर्फ. जाड बर्फाची गोधडी असली की खाली माती शून्याच्या आसपास राहते आणि जिवाणू हिवाळाभर हळूहळू काम करत राहतात, मग वसंतात बर्फ वितळताना त्यातले बरेच मरतात आणि त्यांच्यातलं नत्र एकदम बाहेर येतं. वर्षाचा मोठा हप्ता त्या थोड्या आठवड्यांत मिळतो. हे सगळं कोलोराडोतल्या नायवट रिज या ठिकाणी बारकाईनं बघितलंय, तिथे १९८० पासून सलग नोंदी चालू आहेत आणि उंचीही साधारण आमच्या धारेएवढीच.

त्यात जमिनीचा चढउतार. कड्यावरून वारा बर्फ उडवून नेतो, खळग्यात तो साठतो, पाणी नत्र धुऊन खाली नेतं. स्फुरद खडकातून झिजून येतो आणि फार हलत नाही, मातीला चिकटून बसतो. पाणी नेहमी खालीच नेणार. वर घेऊन जाणारं कोण, तर जनावर. मेंढी दिवसभर शेकडो एकरांवर चरते आणि रात्री एखाद-दोन एकरात बसते. चोवीसातले दहा-बारा तास तिथेच, म्हणजे लेंड्या आणि मूत मिळून साधारण निम्मा माल तिथेच पडणार. स्फुरद मुख्यतः लेंडीत जातो, पालाश (पोटॅशियम) मुख्यतः मुतात, नत्र दोन्हीत.

हे सगळं मला पाठ होतं. तरी पहिल्या फेरीत मी माती काढताना घोळ घातला.

पहिला निर्णय: माती कुठली घ्यायची

शेताच्या माती परीक्षणाची पद्धत सगळ्यांना माहीत असते. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची माती घ्यायची, घमेल्यात एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. आम्ही तेच केलं. त्यात तीन दिवस पाऊस, उतारावर पाय ठरेना, म्हणून पंधरातले नऊ-दहा खड्डे डेऱ्याच्या आसपासच झाले. उतारावरचे चार-पाच घाईत. सगळं एका घमेल्यात. वर ती ओली माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस एसटीसारख्या गाड्यांमधून उन्हातान्हात लॅबपर्यंत नेली.

माती परीक्षणाचं कार्ड आलं. सेंद्रिय कर्ब (कुजणाऱ्या पदार्थातला कार्बन) जास्त, नत्र जास्त, स्फुरद जास्त. मी रिपोर्टचा कच्चा खर्डा लिहिला आणि त्यात हे वाक्य माझंच होतं, 'मातीची सुपीकता चांगली असून समस्या फक्त अतिचराईची आहे.' काम देणारे खूश. त्यांना हवं ते मिळालं.

यात तीन चुका होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या. माती मिसळली ही एक. पिशवीत कोंबून गरम केली ही दुसरी, कारण ओली माती ऊब मिळाली की पिशवीतच कुजायला लागते आणि नायट्रेट वाढतं, म्हणजे आम्ही धारेचं नाही, गाडीतल्या डिकीचं नत्र मोजलं. आणि तिसरी सगळ्यात बारीक: आपल्याकडच्या कार्डावर नत्राचा अंदाज बहुतेक वेळा सेंद्रिय कर्बावरून बांधतात, कर्ब ०.७५ टक्क्यांच्या वर गेला की 'जास्त'. मैदानातल्या शेताला हे चालतं. पण साडेतीन हजार मीटरवर काही कुजतच नाही तर कर्ब साचणारच, तिथे जवळजवळ कुठलीही माती या हिशोबानं श्रीमंत निघेल, गवत उपाशी असलं तरी.

हे माझ्या लक्षात आलं ते स्वतःच्या हुशारीनं नाही. खर्डा वाचून दाखवायला परत धारेवर गेलो होतो. तिन्ही घरांत वडीलधारे होते त्यांना सगळे तायाजी म्हणायचे, मीही. नातवानं त्यांना कार्ड समजावून सांगितलं. तायाजी चिलीम बाजूला ठेवून म्हणाले, "कुठल्या जागेची माती ही?" मी म्हटलं, "सगळ्या धारेची, मिसळून." त्यांनी हातानं वरचा उतार दाखवला, मग पायाखालची जमीन. "तिथे मेंढी खाते, इथे हगते. तू दोन्ही एका पिशवीत भरलंस."

आता सांगली साइडची गोष्ट. आमच्याकडे रब्बी उरकली की शेतकरी धनगरांच्या मागे लागतात, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. वाघर, म्हणजे जाळी, लावून रात्रभर कळप बसवायचा, सकाळी जाळी पुढे सरकवायची, बदल्यात धान्य नाहीतर पैसे. लेंडीखतासाठी लोक पैसे मोजतात हे मी शाळेत असल्यापासून बघतोय. रोज जाळी का सरकवतात तेही माहीत. आणि तेच डोळे घेऊन इथे वर आलो तर मला डेरा म्हणजे फक्त तंबू टाकायची जागा दिसली.

दुसऱ्यांदा माती

रिपोर्ट थांबवला. वरिष्ठ चिडले, तारीख गेली म्हणून, तो भाग सोडून देतो. या वेळी सात जागा वेगळ्या ठेवल्या: कडा, मधला उतार, बर्फ उशिरापर्यंत राहणारा खळगा, नाल्याचा काठ, सध्याचा डेरा, मिठाच्या दगडाभोवतालची जमीन आणि एक जुना सोडलेला डेरा. पिशव्या थर्माकोलच्या पेटीत, नाल्यात हिवाळ्यातला कोसळलेला बर्फ अजून होता तो फोडून भोवती भरला. लॅबला सांगितलं की कर्बावरून अंदाज नको, नायट्रेट आणि अमोनियम, म्हणजे झाडाच्या हाताशी येणारं नत्र, वेगळं मोजा.

मिठाच्या दगडाबद्दल सांगायला पाहिजे. गद्दी मेंढरांना दर थोड्या दिवसांनी मीठ चारतात, सपाट दगडांवर मुठीमुठीनं पसरून. मालकानं विशिष्ट हाळी दिली की अख्खा कळप उतारावरून गडगडत खाली येतो. दगड वर्षानुवर्षं चाटून इतके गुळगुळीत झालेले की हात फिरवला तर पाट्याची आठवण यावी. मी ते मीठ फक्त मेंढीच्या तब्येतीसाठी असं धरून चाललो होतो. पण जिथे मीठ तिथे कळप रेंगाळणार, जिथे रेंगाळणार तिथे घाण टाकणार. दगडाभोवती पंधरा-वीस पावलांपर्यंत रूमेक्सचं कडं होतं, आखून दिल्यासारखं.

निकाल: डेऱ्यावर स्फुरद उताराच्या कित्येक पट. उतारावर कर्ब भरपूर पण हाताशी येणारं नत्र जेमतेम. खळग्यात नत्र बरं. हे सगळं अपेक्षित. धक्का बसला तो जुन्या डेऱ्याचा. तो सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी त्याचा स्फुरद आजच्या डेऱ्याच्या जवळपास, आणि रूमेक्स ताठ उभा.

मग वाचायला लागलो तर कळलं की आल्प्समध्ये हे जुनंच दुखणं आहे. स्विस नॅशनल पार्क १९१४ साली झालं, गुरं बंद झाली, पण जिथे गुरं बसायची त्या जागा इतक्या दशकांनंतरही स्फुरदानं वेगळ्या ओळखू येतात आणि आता हरणं तिथलं गवत आवडीनं खातात. स्वित्झर्लंडमध्येच शिनिगे प्लाटे म्हणून ठिकाण आहे, तिथे १९३० च्या दशकात कुरणाच्या छोट्या तुकड्यांवर थोडी वर्षं चुना आणि खत टाकून बघितलं होतं, आणि चुन्याचा परिणाम सत्तरेक वर्षांनीही मातीत आणि झाडांत सापडला. थंड डोंगर विसरत नाही लवकर.

पर्याय जे टेबलावर होते

एक, चराई पूर्ण बंद. काम देणाऱ्यांचा आवडता. कुणीतरी उत्तराखंड हायकोर्टाचा २०१८ चा आदेश पुढे केला, बुग्याळात, म्हणजे तिथल्या उंचावरच्या कुरणांत, रात्री मुक्कामाला बंदी घालणारा. पण तो दुसऱ्या राज्याचा, आणि मुख्य म्हणजे बंदीनं डेऱ्यावरचा स्फुरद उतारावर परत चालत जात नाही. शिवाय उत्तराखंडातल्याच व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं उदाहरण सगळ्यांना माहीत होतं: १९८२ ला नॅशनल पार्क झालं, चराई थांबली, आणि नंतर पॉलिगोनम नावाच्या उंच तणानं मोठमोठे पट्टे व्यापले. चराई थांबल्यामुळेच ते झालं का यावर अजून भांडणं आहेत, म्हणून मी त्यावर फार जोर दिला नाही, पण बंद केलं की आपोआप फुलं येतात असंही नाही एवढं तरी त्यातून दिसतं.

दोन, उतारावर युरिया. हा दहा मिनिटांत बाद. अशा जागी नत्र ओतलं की दोन-चार उंच गवतं माजतात आणि बुटकी झाडं, जी मुळात उपाशीपोटी जगायला शिकलेली असतात, ती दबतात.

तीन, डेऱ्यावरची लेंडी पोत्यात भरून खच्चरांवरून उतारावर पसरणे. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मी आठवडाभर याच्या प्रेमात होतो. पण त्या लेंडीत रूमेक्सचं बी भरलेलं, म्हणजे आपण खत पसरणार का तण? एकानं तर सांगितलं की खाली राजमाच्या शेताला विका, दोन पैसे मिळतील. मिळतील की, पण मग जे धारेवरच इकडचं तिकडे झालंय ते धारेवरून कायमचं उतरलं.

चार, डेरा हलवत राहणे. धनगराची जाळी सरकवायची तीच युक्ती. आणि इथेच खरा पेच होता, ज्यावर आमच्यात दोन तट पडले. एक तट म्हणत होता की एक जागा खराब झालीच आहे, ती तशीच वापरू द्या, बाकी धार वाचेल. दुसरा म्हणत होता की डेरे वाढवले तर उतारावरचा माल थोडा तरी पसरेल. पहिल्या तटाचं म्हणणं मूर्खपणाचं अजिबात नव्हतं. तीन डेरे म्हणजे तीन रूमेक्सची रानं व्हायची भीती होतीच, आणि एकदा झालं की आपल्या हयातीत जात नाही हे जुन्या डेऱ्यानं दाखवलं होतं.

तायाजींना विचारलं, पूर्वी काय करायचे? तर म्हणाले, पाच-सहा रात्री झाल्या की उठायचं, एका मोसमात तीन जागा आलटून पालटून. मग बंद का झालं? एका जागेची वाट नाल्यानं तोडली. दुसऱ्या जागेवर ट्रेकिंगवाल्यांचे तंबू यायला लागले, त्यांचं म्हणणं मेंढ्यांचा वास येतो. राहिली एक, तीही जरा अस्वलाच्या भीतीनं भिंत घातलेली, म्हणून सोयीची. म्हणजे चारशे मेंढ्या तेवढ्याच होत्या, वाढल्या नव्हत्या. बसायच्या जागा तीनाची एक झाली होती.

हे विचारायला आम्हाला पहिल्या भेटीपासून पुरे एक वर्ष लागलं.

काय केलं

चौथा पर्याय घेतला, पण एका अटीवर: एका ठिकाणी सलग सहापेक्षा जास्त रात्री नाही. नाल्यावर लाकडी साकव टाकला, तुटलेली वाट गावातल्याच लोकांनी मजुरीवर बांधली. दुसऱ्या जागेसाठी ट्रेकवाल्यांशी बोलणी झाली, ते ऑगस्टपुरते तंबू पलीकडे न्यायला तयार झाले. अस्वलासाठी सोलर दिवे दिले. रूमेक्स उपटायच्या भानगडीत पडलो नाही, कारण मूळ खोल जातं आणि तुकडा राहिला तरी फुटतं, फक्त जुलैमध्ये बी धरायच्या आत तुरे कापायचे ठरवलं.

आणि मीठ. याचं श्रेय पूर्ण तायाजींच्या मोठ्या सुनेचं. ती म्हणाली डेरा हलवायला माणसं कुरकुर करतात, दगड हलवायला कोण अडवतं? तर मीठ डेऱ्याजवळ न टाकता मधल्या उतारावर, टकलाच्या थोडं खाली टाकायचं.

काय झालं

पहिला मोसम ठीक गेला. तिन्ही जागा वापरल्या, सहाच्या सात-आठ रात्री झाल्या कुठे कुठे, पण चाललं. दुसऱ्या मोसमात साकवापलीकडच्या जागेवर अस्वलानं एका रात्रीत चार मेंढ्या मारल्या, दिव्यांपैकी दोनच चालू होते. त्यानंतर एक घर तिकडे गेलंच नाही, त्यांचा कळप भिंतवाल्या नेहमीच्याच डेऱ्यावर बसला मोसमभर. त्यांना बोलायचं तोंड मला नव्हतं. ट्रेकवाले पहिल्या वर्षी हलले, दुसऱ्या वर्षी त्यांचा माणूस बदलला आणि नवीन माणसाला काही माहीतच नव्हतं.

रूमेक्स जसाच्या तसा. तुरे कापल्यानं नवीन रोपं कमी दिसली असं वाटतं, पण मोजलं नाही म्हणून दावा करत नाही. उतारावरच्या गवतात दोन वर्षांत डोळ्याला दिसेल असा फरक नाही. काम देणाऱ्यांना हे आवडलं नाही, त्यांना आधीचा-नंतरचा फोटो हवा होता. आम्ही तो दिला नाही.

मिठाच्या दगडाचं मात्र जमलं. कळप दुपारचा तिथे रेंगाळायला लागला, लेंड्या तिथे पडायला लागल्या, आणि याला खर्च शून्य.

परत करायचं झालं तर

माती मिसळणार नाही, हे तर झालंच. कार्डावरचं 'जास्त' बघून खर्डा लिहिणार नाही. बर्फ वितळताना एकदा तरी माती घेईन, कारण आम्ही दोन्ही वेळा ऑगस्टातच गेलो, म्हणजे वर्षाचा मोठा हप्ता वाटून झाल्यावर. रस्ता जूनपर्यंत उघडत नाही ही सबब खरी आहे, पण तायाजींचा नातू पहिल्या कळपाबरोबर वर जातोच, त्याला पेटी दिली असती तर झालं असतं.

दिवे द्यायच्या आधी ते दुरुस्त कोण करणार हे ठरवीन. चार मेंढ्या म्हणजे त्या घराचं मोठं नुकसान, आणि नुकसानभरपाईसाठी आम्ही बजेटमध्ये एक रुपया ठेवला नव्हता, वाट बांधायला मात्र होता. सहा रात्रींचा आकडा तायाजींच्या आठवणीतून आला, तो तपासायला एक तुकडा राखायला हवा होता, तीन रात्री, सहा रात्री, बारा रात्री असा. तेव्हा सुचलं नाही, घाई होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात काम संपलं होतं, मी असाच गेलो होतो, रजा टाकून. मधल्या उतारावर मिठाचा दगड जिथे ठेवला होता तिथे गेलो तर दगड नाही. जागेवर चार-दोन पानांची रूमेक्सची कोवळी रोपं, कडं धरायला लागलेलं. दगड तिथून साठेक पावलांवर, वरच्या अंगाला, मेंढ्यांच्या थुंकीनं ओला. तायाजींना विचारलं, कधी हलवला? म्हणाले, "पान दिसलं तेव्हा."